आतून बांध घालणारी नळी



तुमच्यापैकी जे शेतकऱ्याच्या घरचे आहेत त्यांना 'दारे धरणे' म्हणजे काय हे सांगायला नको. रात्री वीज आली की बॅटरी आणि खोरे घेऊन तुमच्यापैकी काहींनी दारे धरलीही असतील. विहिरीचे पाणी मोठ्या पाटाने येते, पाटातून लहान चाऱ्यांत आणि चाऱ्यांतून वाफ्यांत शिरते. एक वाफा भरला की त्याचे तोंड मातीने बुजवायचे आणि पुढच्याचे फोडायचे. आता समजा, टोकाच्या एखाद्या वाफ्याचा बांध फुटला आणि पाणी शेजारच्या रानात चालले. नवशिका माणूस फुटक्या बांधावर चिखल थापत बसतो आणि तो चिखलही वाहून जातो. अनुभवी माणूस मात्र चार पावले मागे जातो, त्या वाफ्याकडे येणारे दार शोधतो आणि तेथे एक मोठे ढेकूळ टाकतो. वरून येणारे पाणी थांबले की फुटलेल्या जागी चिखल आपोआप बसतो.

हीच युक्ती डॉक्टर माणसाच्या शरीरात करतात असे मी म्हटले तर तुम्हाला नवल वाटेल. मलाही वाटले होते. नांदेडच्या एका महाविद्यालयात मी गेली अनेक वर्षे भौतिकी शिकवतो, पण पुस्तकातले एक सूत्र माझ्याच घरातल्या माणसाच्या उपयोगी पडेल असे मला कधी वाटले नव्हते.

आत्याचे दुखणे

माझी आत्या लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात, धाराशिव जिल्ह्याच्या हद्दीजवळच्या एका गावी राहत असे. २०१७ साली ती बासष्ट वर्षांची होती. पाळी थांबून दहा-बारा वर्षे झाल्यावर तिला पुन्हा रक्त जाऊ लागले. तिने ते आठ महिने कोणाला सांगितले नाही. "आता या वयात दवाखान्यात काय दाखवायचं, बाळा? लाज वाटते," असे ती मला नंतर म्हणाली.

लातूरला तपासणी झाली. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होता आणि तो ओटीपोटाच्या दोन्ही बाजूंना पसरलेला होता. अशा अवस्थेत शस्त्रक्रिया करून गाठ काढता येत नाही, कारण मूत्राशय, आतडे आणि मोठ्या रक्तवाहिन्या तिने वेढलेल्या असतात. मग प्रारण-चिकित्सा झाली. आपल्याकडे लोक तिला 'शेक देणे' म्हणतात. काही महिने बरे गेले आणि पुन्हा रक्तस्राव सुरू झाला. हिमोग्लोबिन पाचवर आले. निरोगी स्त्रीमध्ये ते दर शंभर मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅम किंवा अधिक असते. रक्ताची एक पिशवी चढवावी आणि दोन दिवसांत तेवढेच रक्त निघून जावे, असे चालले होते. फुटक्या रांजणात पाणी ओतण्यासारखेच ते होते.

तेव्हा एका मोठ्या शहरातील रुग्णालयात डॉक्टरांनी आम्हाला सांगितले, "गाठ काढता येणार नाही, पण रक्त थांबवता येईल."

मला हे दोन्ही भाग एकमेकांविरुद्ध वाटले. गाठ तशीच राहणार असेल तर रक्त कसे थांबेल? डॉक्टरांनी कागदावर एक झाड काढले. बुंधा, फांद्या, डहाळ्या आणि एका डहाळीच्या टोकाला गाठ. मग त्यांनी ती डहाळी पेन्सिलने मध्येच काळी केली. "एवढेच करायचे," ते म्हणाले. त्या चित्रामागचे शास्त्र काय आहे ते आता पाहू.

चौथ्या घाताची करामत

फ्रान्समध्ये झाँ पॉइझय नावाचे एक डॉक्टर होते. त्यांना भौतिकीचीही आवड होती. रक्त बारीक वाहिन्यांतून कसे वाहते हे समजावे म्हणून त्यांनी केसासारख्या काचनळ्यांतून द्रव सोडून मोजमापे केली. १८४० च्या सुमारास त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. नळीतून दर सेकंदाला किती द्रव वाहील हे चार गोष्टींवर ठरते: दोन टोकांमधील दाबाचा फरक, नळीची लांबी, द्रवाची श्यानता म्हणजे दाटपणा आणि नळीची त्रिज्या. दाब दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट होतो. लांबी दुप्पट केली तर प्रवाह निम्मा होतो. येथवर सारे सरळ आहे. पण त्रिज्येचे गणित वेगळे आहे. प्रवाह हा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो!

याचा अर्थ काय? त्रिज्या निम्मी करा. एक द्वितीयांशचा चौथा घात म्हणजे एक सोळांश. प्रवाह सोळाव्या हिश्शावर येईल. त्रिज्या एक तृतीयांश केली तर तो एक्याऐंशीव्या हिश्शावर येईल. त्रिज्या केवळ पाव हिश्शाने कमी केली तरी प्रवाह तिसऱ्या हिश्शाहूनही थोडा कमी होतो. (०.७५ चा चौथा घात स्वतः काढून पाहा.) हे सूत्र एकसारख्या, संथ प्रवाहासाठी आणि ताठ नळीसाठी आहे. रक्तवाहिनी लवचीक असते आणि हृदय धक्क्याधक्क्याने रक्त ढकलते, म्हणून शरीरात ते तंतोतंत लागू पडत नाही. पण त्याचा कल अगदी खरा आहे.

हे तुम्ही घरी पडताळून पाहू शकता. प्लॅस्टिकच्या दोन सारख्या बाटल्यांच्या बुडाशी एकेक भोक पाडा. एका भोकात शरबत पिण्याची नळी आणि दुसऱ्यात शाई संपलेल्या बॉलपेनची स्वच्छ धुतलेली कांडी मेणाने पक्की बसवा. दोन्ही नळ्या सारख्याच लांबीच्या कापा. बाटल्यांत सारखे पाणी भरून दोन्ही रिकाम्या व्हायला लागणारा वेळ मोजा. तुमचे उत्तर सूत्राशी नेमके जुळणार नाही, कारण रुंद नळीत पाणी संथ राहत नाही. पण नळ्यांच्या रुंदीत जितका फरक दिसतो त्याच्या कितीतरी पट फरक वेळेत पडलेला तुम्हाला दिसेल.

निसर्गाला हे सूत्र पॉइझय यांच्या फार आधीपासून ठाऊक आहे. आपले बोट कापले की लहान रोहिण्यांच्या (ज्यांना धमन्या असेही म्हणतात) भिंतींतील स्नायू आकसतात. त्रिज्या थोडीशीच कमी होते, पण चौथ्या घातामुळे रक्त एकदम मंदावते. मग रक्तातील बिंबाणू तेथे जमतात, तंतूंचे जाळे विणले जाते आणि गुठळी तयार होऊन भोक बंद होते.

आता गाठीकडे वळू. कर्करोगाची गाठ वाढताना स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करून घेते. १९७१ मध्ये अमेरिकेतील शल्यचिकित्सक ज्यूडा फोकमन यांनी ही कल्पना ठामपणे मांडली. घाईघाईने उभ्या राहिलेल्या या वाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात आणि त्यांच्या भिंतींना स्नायूंचा थर नीट नसतो. त्या फुटल्या तर आकसणार कशा? जी सोय बोटाला आहे ती गाठीला नाही. म्हणूनच तिचे रक्त आपोआप थांबत नाही.

त्यातच मागून दाबही असतो. मोठ्या रोहिण्यांतील सरासरी दाब पाऱ्याच्या सुमारे १०० मिलिमीटर स्तंभाइतका असतो. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. तेव्हा हा दाब १३६ सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका झाला. म्हणजे तुमच्या छातीएवढ्या उंचीवर ठेवलेल्या टाकीची तोटी सतत सुरू आहे असे समजा. फुटक्या जागी कापडाचा बोळा दाबून डॉक्टर तात्पुरते काम भागवतात, पण तो काढला की गुठळीही वाहून जाते. फुटक्या बांधावर चिखल थापण्याचाच तो प्रकार! तेव्हा मागे जाऊन दार शोधायला हवे.

न दिसणारी वाट

पण शरीराच्या आत दार दिसणार कसे?

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत रंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. पुढच्याच जानेवारीत व्हिएन्नामध्ये हाशेक आणि लिंडेंटाल यांनी एका मृत हाताच्या रोहिण्यांत खडूमिश्रित लगदा भरून क्ष-किरण चित्र घेतले आणि हाताच्या रोहिण्यांचे जाळे स्पष्ट उमटले. जिवंत माणसात खडू भरता येत नाही हे उघड आहे. त्यासाठी रक्तात मिसळणारा आणि तरीही क्ष-किरण अडवणारा पदार्थ हवा होता.

येथे आयोडीन मदतीला आले. क्ष-किरण शोषण्याची एक महत्त्वाची क्रिया पदार्थाच्या अणुक्रमांकाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. आपले स्नायू आणि रक्त हे बहुतांशी पाणीच. त्यांचा सरासरी परिणामी अणुक्रमांक सुमारे ७.४ धरतात. रक्त आणि स्नायू यांच्यात फारसा फरक नसल्यामुळे साध्या चित्रात रक्तवाहिनी वेगळी दिसत नाही. आयोडीनचा अणुक्रमांक ५३. आता ५३ ला ७.४ ने भागा आणि उत्तराचा घन करा. सुमारे ३६७ येतील! प्रत्यक्षात किरणांच्या ऊर्जेप्रमाणे हा आकडा बदलतो आणि रक्तात आयोडीन थोडेच सोडलेले असते. पण त्या थोड्याशा आयोडीननेही वाहिनी चित्रात ठळक का होते हे यावरून कळेल. शिवाय आयोडीनच्या सर्वांत आतल्या इलेक्ट्रॉनांना बाहेर काढायला ३३.२ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. किरणांची ऊर्जा याहून थोडी जास्त असली की शोषण एकदम उसळी घेते. रुग्णालयातील यंत्र अशाच ऊर्जेच्या आसपास चालवतात.

तरीही हाडांची सावली आड येतेच. त्यावरची तोड वजाबाकीची आहे. वर्गात कालची आणि आजची हजेरी शेजारी ठेवून दोन्हींत असलेली नावे खोडली, तर आज नवा कोण आला ते लगेच कळते. तसेच आयोडीन सोडण्यापूर्वी एक चित्र घ्यायचे, सोडल्यावर दुसरे घ्यायचे आणि संगणकाने एकातून दुसरे वजा करायचे. हाडे दोन्ही चित्रांत सारखी असल्याने ती पुसली जातात आणि पडद्यावर फक्त रक्तवाहिन्यांचे झाड उरते. ही संगणकी पद्धत १९८० च्या सुमारास रुग्णालयांत आली. आत्याच्या पडद्यावर मला ते झाड दाखवले तेव्हा एका डहाळीच्या टोकाला शाईचा डाग पसरावा तशी काळी झाक होती. तीच गाठ.

सुई, तार आणि नळी

वाट दिसली, पण तेथवर पोचायचे कसे? १९२९ मध्ये वर्नर फोर्समन या तरुण जर्मन डॉक्टराने स्वतःच्याच हाताच्या नीलेतून एक लांब नळी सरकवत हृदयापर्यंत नेली आणि तशाच अवस्थेत चालत जाऊन क्ष-किरण चित्र काढून घेतले! अनेकांनी त्याला वेड्यात काढले. १९५६ मध्ये त्याला दोन अमेरिकन शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले. मित्रांनो, हा प्रयोग मात्र केवळ वाचण्यासाठी आहे.

खरी सोपी युक्ती १९५३ मध्ये स्वीडनमधील स्वेन सेल्डिंगर यांनी प्रसिद्ध केली. पोकळ सुई रोहिणीत टोचायची. सुईतून एक मऊ टोकाची तार आत सरकवायची. तार तशीच ठेवून सुई काढून घ्यायची आणि मग त्या तारेवरून नळी ओवत आत न्यायची. शेवटी तारही काढून घ्यायची. परकराच्या नेफ्यात नाडी ओवताना आई काडीचा आधार घेते, तसाच आधार येथे तार देते. चीर द्यावी लागत नाही, टाके घालावे लागत नाहीत.

या नळ्यांची जाडी 'फ्रेंच' या मापात सांगतात. एक फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर. नेहमीची नळी पाच फ्रेंचची, म्हणजे सुमारे १.७ मिलिमीटर जाडीची असते. तिच्याही पोटातून एक मिलिमीटरहून बारीक दुसरी नळी पुढे नेता येते.

आत्याला भूल दिली ती फक्त जांघेत, सुई टोचण्याच्या जागी. ती पूर्ण जागी होती. तेथील रोहिणीतून नळी वर गेली, महारोहिणी जेथे दुभागते तेथून पलीकडे वळली आणि दुसऱ्या बाजूने खाली उतरत गर्भाशयाच्या रोहिणीत शिरली. नळी पुढे सरकताना दुखत नाही. आयोडीन सोडताना मात्र अंगात ऊब पसरते. गर्भाशयाला उजवीकडून आणि डावीकडून अशा दोन रोहिण्या रक्त पुरवतात, म्हणून दोन्हीकडची दारे बंद करावी लागली. सारे काम दीड तासात झाले.

ढेकूळ केवढे टाकायचे?

रक्तात वाहत आलेली एखादी गुठळी वाहिनीत अडकून बसली तर त्या आपत्तीला वैद्यकाच्या मराठी परिभाषेत अंतर्कीलन म्हणतात. मेंदूत असे झाले तर पक्षाघात होतो. तीच आपत्ती मुद्दाम, ठरवलेल्या जागी घडवून आणायची, असा हा उपचार आहे. डॉक्टर त्याला एम्बोलायझेशन म्हणतात. १९७२ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे योसेफ रॉश, चार्ल्स डॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्याने जठरातून रक्तस्राव होणाऱ्या रुग्णाच्या रोहिणीत त्याच्याच रक्ताची गुठळी सोडून स्राव थांबवल्याचे प्रसिद्ध केले. पुढच्या चार-पाच वर्षांत नवे पदार्थ आले. जिलेटिनचा स्पंज काही आठवड्यांत विरघळतो. मिनेसोटा विद्यापीठातील तडवर्ती व त्यांचे सहकारी यांनी पुढे आणलेले पॉलिव्हिनिल अल्कोहोलचे कण विरघळत नाहीत. धातूच्या बारीक तारेची वेटोळीही वापरतात.

खरे कौशल्य मापात आहे. तांबडी रक्तपेशी सुमारे ७ ते ८ मायक्रॉन रुंद असते. केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. गाठीसाठी बहुधा ३०० ते ७०० मायक्रॉनचे, म्हणजे बारीक रव्यासारखे कण निवडतात. कण फार लहान असले तर ते अगदी टोकापर्यंत जातात आणि शेजारच्या निरोगी भागाचे रक्त तोडतात. फार मोठे असले तर ते अलीकडेच अडकतात. मग काय होते? पाट वरच अडवला तर पाणी शेजारच्या चारीतून वळसा घेऊन त्याच वाफ्यात येते. शरीरातही अशा वळशाच्या वाटा असतात. त्यांतून रक्त पुन्हा गाठीत शिरते आणि स्राव सुरू होतो.

कण योग्य जागी बसले की फुटक्या वाहिनीतील दाब उतरतो. येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. कण स्वतः भोक बुजवत नाहीत. ते फक्त दाब कमी करतात आणि गुठळी बांधण्याचे काम रक्तच करते. स्नायू नसल्याने जी वाहिनी स्वतः आकसू शकली नाही, तिच्या वतीने डॉक्टरांनी त्रिज्या कमी केली, एवढेच.

काय साधते आणि काय साधत नाही

हा उपचार गाठ बरी करत नाही. हे वाक्य पुन्हा एकदा वाचा, कारण अशा प्रसंगी घरची माणसे हेच ऐकून घेत नाहीत. आमच्याही घरी "आता बरी होईल ना?" असे सर्व जण विचारत होते.

त्याचे त्रासही आहेत. रक्त तुटलेला भाग दुखतो, दोन-चार दिवस ताप येतो. सुई टोचलेल्या जागी रक्त साकळू शकते. आयोडीनमुळे मूत्रपिंडांवर ताण येतो. एखादा कण भलत्या वाटेला गेला तर मूत्राशयाला किंवा नितंबाच्या स्नायूंना इजा होऊ शकते. काही रुग्णांत पुन्हा रक्तस्राव होतो. शिवाय त्यासाठी लागणारे यंत्र आणि ते चालवणारे कुशल हात सगळीकडे नसतात. म्हणून औषधे, बोळा आणि शेक यांनी भागत असेल तर डॉक्टर आधी तेच करतात. ते पुरत नसेल आणि शस्त्रक्रिया शक्य नसेल तेव्हा हा मार्ग घेतात.

आत्याला दोन दिवस पोटात फार दुखले, तापही आला. दुसऱ्या दिवशी रक्त कमी झाले आणि चौथ्या दिवशी थांबले. त्यानंतर रक्ताची पिशवी चढवावी लागली नाही. आठव्या दिवशी ती गावी परतली.

ती आणखी सात महिने जगली. शेवटच्या महिन्यात थोडे रक्त पुन्हा दिसले, पण ते औषधाने आवरले. त्या सात महिन्यांत येळवस आली. लातूर-धाराशिवकडची येळवस तुम्हाला ठाऊक असेलच. घरांना कुलपे लावून सारा गाव रानात जातो. आत्याला बैलगाडीत बसवून रानात नेले. तिने कोपीपाशी बसून आंबील घेतली, थोडी भज्जी खाल्ली आणि "मीठ कमी पडलंय," म्हणून सुनेला बोललीही. त्याआधीचे तीन महिने ती खाटेवर, अंगाखाली कापडे बदलत पडून होती. फरक हवा असेल तर तो एवढाच होता. मोजायचा म्हटला तर तो कोणत्या एककात मोजायचा, हे मला भौतिकीच्या पुस्तकात सापडले नाही.

हद्दीच्या अलीकडे आणि पलीकडे

लेख येथेच संपवता आला असता, पण एक गोष्ट तुम्हाला सांगितलीच पाहिजे.

लातूरहून मुरूड-येडशीमार्गे गेले की बार्शी लागते. बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शीत सुरू झाली. १९९९ पासून या रुग्णालयाने मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्याबरोबर धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात एक मोठी पाहणी केली. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया तीत होत्या. गावांचे ५२ समूह पाडून त्यांचे चार गट केले. तीन गटांना गर्भाशयमुखाची एकेक वेगळी तपासणी एकदा देऊ केली आणि चौथ्या गटाला नेहमीची माहिती व सेवा दिली. शंकरनारायणन, नेने आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एचपीव्ही या विषाणूची तपासणी देऊ केलेल्या गटात या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या, तर चौथ्या गटात ६४. दोन्ही गटांत प्रत्येकी तीस हजारांहून जास्त स्त्रिया होत्या. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्मे झाले! हा रोग अंगात रुजायला वर्षानुवर्षे लागतात आणि तेवढ्या अवधीत तो सापडला तर मुळातूनच काढता येतो, हे त्याचे कारण.

ही पाहणी चालू होती तेव्हा आत्या पंचेचाळीसच्या आसपास होती, म्हणजे नेमक्या त्याच वयात. तिचे गाव जिल्ह्याच्या हद्दीच्या अलीकडे होते. पलीकडच्या गावांत परिचारिका दारोदार जात होत्या, तेव्हा हिच्या दारात कोणी आले नाही आणि आमच्यापैकी कोणाला ते ठाऊकही नव्हते. मी तेव्हा विज्ञानाचा पदवीधर होऊ घातलो होतो.

आज या विषाणूविरुद्ध लस आहे. २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या सर्व्हाव्हॅक या लशीला भारतात मान्यता मिळाली. ती तुमच्याच वयाच्या मुलामुलींसाठी सर्वांत उपयोगी आहे, कारण ती विषाणू शरीरात शिरण्यापूर्वी घ्यायची असते.

तेव्हा मित्रांनो, या लेखातील सूत्र परीक्षेसाठी पाठ कराच. प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो, हा प्रश्न येण्यासारखा आहे. पण आज घरी गेल्यावर आणखी एक काम करा. आई, आजी, आत्या, मावशी यांच्यापैकी ज्यांच्याशी तुम्हाला मोकळेपणाने बोलता येते त्यांना सांगा, की पाळी थांबल्यावर एकदा जरी रक्त दिसले तरी ते लपवू नये, लगेच दाखवावे. आणि तिशी ओलांडलेल्या स्त्रीने काही त्रास नसला तरी सरकारी दवाखान्यात तपासणीची चौकशी करावी. बोलायला संकोच वाटला तर हा अंक त्यांच्यासमोर उघडा ठेवा.

फुटलेल्या वाफ्याचे दार कसे बुजवायचे हे शास्त्राला आता येते. पण बांधाला पहिली चीर पडते तेव्हा तेथे कोणीतरी पाहणारे असावे लागते, आणि ते माणूस बहुधा घरातलेच असते.